तांदळात लिहिलेलं नाव

"वैनी, ह्ये सर्टिफिकेट दुसऱ्याच बाईचं हाय," पोपट म्हणाला आणि माझा अनुभवाचा दाखला त्यानं टेबलावर पालथा घातला.

"दुसऱ्या बाईचं कशाला असेल? माझंच आहे."

"ह्यावर हेमलता रामराव निकम हाय. तुमी शुभदा अरविंद देवकर."

"लग्नाआधीचं नाव आहे ते."

"आडनाव बदलतंय, ते कळतंय मला. पर हेमलताची शुभदा कशी काय झाली?"

"तुझ्या बायकोचं नाव काय रे?"

"अश्विनी."

"आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर काय आहे?"

पोपट जरा घुटमळला. "रुक्मिणी," म्हणाला आणि मुकाट्यानं की-बोर्डकडं वळला.

विट्याच्या स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दहाव्याच्या पत्रिका, वाढदिवसाचे फलक आणि नोकरीचे बायोडाटा, सगळं तो एकाच खुर्चीत बसून उरकायचा. मी त्याच्याकडं तिसऱ्यांदा आले होते. पहिल्या वेळी त्यानं वडिलांचा व्यवसाय माझ्या नावाच्याही वर छापला. दुसऱ्या वेळी वीज गेली आणि टाइप केलेलं सगळं उडालं. त्याच्याकडं एक ठरलेला साचा होता. गवंडी असो की ग्रॅज्युएट, प्रत्येकाच्या कागदावर पहिलं वाक्य तेच, की मला एका नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद हवं आहे. मला आव्हान वगैरे काही नको होतं, मला पगार हवा होता.

तासगाव रस्त्याला एक नवी खाजगी डेअरी निघाली होती. तिथं प्रयोगशाळेत केमिस्टची जागा होती. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी माहेरच्या तालुक्यातल्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काम केलेली. लग्नानंतर दहा वर्षांत मात्र नळीत दूध भरलं नव्हतं, पातेल्यातच तापवलं होतं. आता ती जागा मला मिळायलाच हवी होती, आणि त्याचं कारण माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून खोकत होतं.

आमचे हे सेलमला गलाईच्या दुकानात होते. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, ॲसिडमध्ये घालून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली निम्मी घरं याच धंद्यापायी देशभर पांगली आहेत. ह्यांनी बारा वर्षं तो धूर ओढला आणि छाती पार बसवून घेतली. मिरजेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, पुन्हा त्या धुरात गेलात तर पुढचं मला विचारू नका. हे घरी येऊन बसले खरे, पण घरी बसून चूल पेटत नाही. सेलमच्या मालकाचा निरोप आला होता की येत असाल तर दसऱ्याच्या आत या. मी ह्यांना म्हटलं होतं, मला एक महिना द्या, मी नोकरी मिळवते. त्या महिन्याचा शेवटचा आठवडा चालला होता.

"पोपट, नावाच्या पुढं कंस कर," मी म्हटलं. "त्यात लिही, लग्नापूर्वीचे नाव हेमलता रामराव निकम."

त्यानं केला. हे खुर्चीतून पुढं वाकून स्क्रीनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कंस-बिंस नको गं. एका माणसाची दोन नावं बघितली की साहेब बिचकंल. पहिल्या ओळीलाच भानगड कशाला?"

"अहो, दाखला त्या नावाचा आहे."

"दाखला कोण वाचतंय? वरवर बघत्यात. विचारलं तर सांग की तोंडानं."

"माझं काय म्हननं," पोपट मध्येच बोलला, "दादांचं बराबर हाय. बायोडाटा कसा पायजे, एका नजरंत माणूस दिसला पायजे."

दोन पुरुषांचं एकमत झाल्यावर माझं काय चालणार? मीही कंटाळले होते. दुपार टळत चालली होती, मुली शाळेतून येणार होत्या. कंस गेला. कंस गेल्यावर खाली दोन ओळींची जागा रिकामी राहिली, ती पोपटला बघवेना. "पान उघडं दिसतंय वैनी, भरून देतो," असं म्हणत त्यानं काहीतरी केलं आणि प्रिंट काढली. मी नाव, पदवी, टक्केवारी तपासली आणि कागद पाकिटात घातला. त्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत. अजूनही आठवलं की स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

मुलाखतीला रणपिसे नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता. गोल चेहऱ्याचे, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. दुधात साखर मिसळली तर कशी ओळखाल, युरिया असेल तर काय कराल, फॅट काढताना ॲसिड आधी की दूध आधी, असं त्यांनी भराभर विचारलं आणि मी भराभर सांगितलं. दहा वर्षं कुणी मला असलं काही विचारलंच नव्हतं. उत्तरं आपोआप येत गेली आणि मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत अगदी कडेला येऊन बसले. साहेबही खुशीत दिसले. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बायोडाटा हातात घेतला.

"छंद पोहणे?" ते म्हणाले.

"काय?"

"इथं लिहिलंय. पोहणे आणि ट्रेकिंग. विट्यात पोहता कुठं तुम्ही? प्यायला टँकर येतो ना तिथं?"

माझे कान तापले. पोपट्यानं उघडं पान झाकायला कुठल्या तरी पोरग्याचे छंद माझ्या अंगावर घातले होते. "साहेब, टाइप करणाऱ्याची चूक आहे ती," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

"हरकत नाही." ते हसले. पण हसता हसता त्यांनी पान उलटलं आणि अनुभवाचा दाखला बघितला. मग पुन्हा बायोडाटा, पुन्हा दाखला. हसू कमी कमी होत गेलं. "हेमलता निकम कोण?"

"मीच. लग्नाआधीचं नाव."

"पदवीसुद्धा हेमलता निकमचीच आहे."

"हो. तीही मीच."

"मग बायोडाट्यात तसं कुठं लिहिलेलं नाही?"

लिहिलं होतं साहेब, दोन माणसांनी मिळून खोडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी नुसतीच "राहून गेलं" असं पुटपुटले.

त्यांनी माझ्यासमोरच दूध संघाला फोन लावला. तिकडं कुणी कारकून होता. शुभदा देवकर नावाची बाई कधीच नव्हती म्हणाला. मग साहेबांनी हेमलता निकम विचारलं. त्यानं हजेरीपट पाहून सांगितलं, होती, लग्न ठरल्यावर सोडून गेली, पण मी नवा आहे, मी काही बघितलेलं नाही त्यांना. साहेबांनी फोन ठेवला.

"बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण मागच्याच भरतीत एक जण भावाचे दाखले घेऊन आला होता आणि ते निस्तरताना माझी नोकरी जाता जाता राहिली. हेमलता निकम होत्या, हे खरं. तुम्ही समोर बसलाय, हेही खरं. पण त्या म्हणजे तुम्हीच, हे कशावरून?"

"रेशनकार्ड आहे."

"त्यावर शुभदा असणार."

"लग्नपत्रिका आहे."

"त्यावर हेमलता. तुम्हाला शुभदा म्हणणारा आणि हेमलता म्हणणारा एकच कागद हवा. लग्नाची नोंदणी? राजपत्रात नाव बदललंय?"

आमच्याकडं लग्नाची नोंदणी कोण करत होतं? मांडव पडला, अक्षता पडल्या, जेवणं उठली, झालं लग्न. आणि नाव बदलायला राजपत्र लागतं हे तर मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मला वाटत होतं, मूठभर तांदूळ पुरतात.

"दोन महिने लागतात त्याला," साहेब म्हणाले. "आणि माझी यादी उद्या संध्याकाळी चेअरमनकडं जाणार आहे. दुसरा एक मुलगा आहे, कागद चोख आहेत त्याचे. तुमच्या उत्तरांच्या जवळपाससुद्धा नाही तो, पण काय करू?" फाईल माझ्याकडं सरकवताना ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिथले थोरात साहेब असते तर एका फोनवर काम झालं असतं. तुम्ही... म्हणजे त्या हेमलताबाई सोडून गेल्यावर मी थोरात साहेबांच्याच हाताखाली शिकलो. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

थोरात साहेब गेले, हे मला असं कळलं. ज्यांनी मला हाताला धरून नळीत थेंब मोजायला शिकवलं, ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांच्यासाठी, पण साहेबांना वाटलं नोकरीसाठी रडते आहे. मी फाईल उचलून बाहेर पडले.

घरी पोचले तर हे कपाटावरची बॅग काढून ओट्यावर झटकत होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलंच नाही.

स्वयंपाकघरात मोठ्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. आमचं घर एकत्र. थोरले दीर एस.टी.त ड्रायव्हर, चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. घर चालत होतं ते जाऊबाईंच्या जिवावर. चौथीपर्यंत शिकलेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी. मी त्यांना ताई म्हणायची.

मी दारातच बसले आणि सगळं ओकून टाकलं. पोहणे, ट्रेकिंग, फोन, राजपत्र, सगळं.

"मी म्हटलं होतं का नव्हतं, कंस असू द्या म्हणून?" मी ह्यांच्यावर तडकले. "साहेब बिचकंल! बिचकला ना? चांगला बिचकला!"

"मला काय सपान पडलं हुतं फोन लावंल म्हणून? असू दे. मी जातो सेलमला. दोन वर्षं काढतो आन् येतो."

"दोन वर्षांनी तुम्ही येणार की तुमचा निरोप येणार?"

"तोंड सांभाळून बोल."

"का सांभाळू? माझी पदवी, माझी नोकरी, माझी तीन वर्षं, सगळं एका बाईच्या नावावर आणि मी दुसरीच! कुणी केलं हे? लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, तुम्ही अंगठीनं शुभदा लिहिलं आणि वर विचारलं, आवडलं का? पन्नास माणसं टकाटका बघत होती. बारशाला बाळ निदान रडतं तरी. मला तेही करता आलं नाही. मान हलवली, साखर वाटली, हेमलता संपली. काय वाईट होतं हो त्या नावात? सांगा ना. शुभदा कोण होती तुमची एवढी लाडकी?"

"कोण न्हाई!" हे ओरडले आणि लगेच खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "मी ठरवलं न्हवतं ते. भटजीनं पंचांग बघून चार नावं काढली हुती, त्यातलं एक. मला तर हेमलताच बरं वाटत हुतं. पर आई म्हणाली, घरात एक हेमा हाय, दुसरी कशी चालंल? हाक मारली तर दोघी ओ देतील."

भाकरी थापटण्याचा आवाज थांबला.

मी जाऊबाईंकडं बघितलं. थोरल्या जाऊबाईंना सासरे-सासू हेमा म्हणायचे, दीरही क्वचित हेमा म्हणायचे, हे मला ठाऊक होतं. पण माझं नाव त्यापायी बदललं, हे दहा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, रीत आहे, सगळ्यांचं बदलतं, माझंही बदललं.

"म्हंजी माझ्यापायी गेलं की तुझं नाव," जाऊबाई म्हणाल्या. हातावरची भाकरी तशीच परातीत टाकली. "आन् हेमलता तरी माझं कुठं हुतं? मलाबी ताटातच मिळालं की. हितं आले तवा."

"तुमचं माहेरचं नाव काय हो ताई?" मी विचारलं. दहा वर्षं एका चुलीवर जेवण केलं आणि हे मी पहिल्यांदाच विचारत होते.

त्यांनी ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. पदराला हात पुसत त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. साड्या, गोधडी, सासूबाईंची पानाची पिशवी, एकेक काढून बाहेर टाकत होत्या. आल्या त्या माझ्या लग्नाचा अल्बम घेऊन. लाल मखमलीचा, कोपरे उंदरानं कुरतडलेले.

"साहेबाला कागद पायजे म्हणालीस न्हवं, तुझी दोनी नावं असल्याला?" त्यांनी पानं उलटली. मधल्या पानांचा प्लॅस्टिकचा कागद चरचरत निघाला. "ह्यो बघ."

फोटोत पितळी ताट होतं. तांदळात अक्षरं, शुभदा. ताटावर वाकलेले हे, मुंडावळ्या गळ्यात आलेल्या. शेजारी मी, नाकात नथ, चेहरा असा की कुणाचं तरी दुसऱ्याचंच लग्न बघायला आलेय. आणि ताटाच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात, कोपरापासून पुढचा.

"ताट मी धरलं हुतं," जाऊबाई म्हणाल्या. "तांदूळ हलू न्हाई म्हणून तुझी सासू मला सारखी दम देत हुती. म्हणून ध्येनात राहिलं."

मी पानं मागं उलटली. स्टेजवरचा फोटो. मागं थर्माकोलची अक्षरं, चि. अरविंद आणि चि. सौ. कां. हेमलता. पुढं मी, तीच नथ, तोच चेहरा. आणि माझ्या हातात मिल्क कुकरचा खोका देत उभे असलेले, पांढऱ्या सफारीतले, टक्कल चमकणारे थोरात साहेब.

मी अल्बम छातीशी धरला आणि मोठ्यानं हसायला लागले. ह्यांना वाटलं, बायको गेली कामातून.

दुसऱ्या दिवशी हे बरोबर यायला निघाले, तर मी नको म्हटलं. "तुम्ही घरी बसा. तुमचा सल्ला पुरे झाला." जाऊबाईंना घेऊन गेले. अल्बम बाजाराच्या पिशवीत, वर टॉवेल झाकलेला. डेअरीच्या फाटकावर रखवालदारानं पिशवीत काय म्हणून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "लगीन हाय." त्यानं सोडलं.

रणपिसे साहेबांनी मला बघून कपाळाला हात लावला. "बाई, मी काल काय सांगितलं..."

"पाच मिनिटं द्या, साहेब. नाही पटलं तर मी जाते आणि परत येत नाही."

मी अल्बम त्यांच्या टेबलावर ठेवला, फाईलींच्या वर. नोकरीच्या अर्जाला लग्नाचा अल्बम जोडलेला त्यांनी त्याआधी पाहिला नसणार. त्यांनी नाराजीनंच पानं उलटली. हळद, रुखवत, ओटी, अक्षता. मध्येच एका पानावर हात थांबला.

चष्मा कपाळावर गेला. "हे थोरात साहेब आहेत."

"हो."

"ही सफारी. प्रत्येक लग्नाला हीच घालायचे ते."

"आणि आहेर म्हणून मिल्क कुकरच द्यायचे."

"मलाही दिला होता!" ते म्हणाले. बोट फोटोवरच राहिलं होतं. मग त्यांनी थर्माकोलची अक्षरं वाचली, माझा फोटोतला चेहरा बघितला, समोरचा बघितला. मी पुढची दोन पानं उलटली आणि ताटाचा फोटो समोर केला. तो त्यांनी बराच वेळ बघितला.

"त्यांनी एका मुलीचं फार सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "म्हणायचे, निकम होती तोवर मला दुसऱ्यांदा तपासावं लागत नव्हतं. लग्न झालं आणि कुठं गेली कुणास ठाऊक, शोधायची तर कुठल्या नावानं शोधू?"

साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं, दोन्ही फोटोंची झेरॉक्स काढायला सांगितली आणि फाईलला लावली. "राजपत्राचं दोन महिन्यांत करून घ्या. आणि तो बायोडाटा नवा करून द्या, पोहणे काढा त्यातलं." मग पेन उघडून म्हणाले, "नेमणुकीच्या पत्रावर कुठलं नाव घालू? हे एकदा पक्कं करा, पुढं पगार, पेन्शन, सगळं त्याच नावानं चालतं."

त्या क्षणापर्यंत मला फक्त नोकरी हवी होती. ह्यांची बॅग पुन्हा कपाटावर जावी, एवढंच. पण त्यांनी विचारलं, आणि मला लग्नातला प्रश्न आठवला, आवडलं का? फरक इतकाच की या वेळी कुणी टकाटका बघत नव्हतं आणि साहेबांचं पेन खरोखर थांबलं होतं.

"हेमलता," मी म्हटलं.

"आणि या?" साहेबांनी बाकावर बसलेल्या जाऊबाईंकडं बघितलं. "साक्षीदार म्हणून नाव लिहितो. काय नाव तुमचं?"

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. "हेमलता," म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुमच्या घरात खरी हेमलता आहे तरी कोण?"

"खरी हीच," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "मी मागनं झालेली हाय."

परतताना आम्ही पोपटकडं थांबलो. त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं कान धरले, चहा मागवला आणि नवा बायोडाटा टाइप केला. पहिल्या ओळीत हेमलता, कंसात शुभदा. छंदांची जागा मी रिकामी ठेवायला लावली. त्याला फार वाईट वाटलं.

प्रिंट निघत होती तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "माझाबी एक काढ की रं."

"काकू, तुमाला कुठं नोकरी करायची?"

"तुला काय करायचंय? काढ म्हंते तर काढ."

पोपटनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच काढ म्हटलं. त्यानं साचा उघडला. "बरं, शिक्षण?"

"त्ये नगं."

"अनुभव?"

"त्योबी नगं."

"मग घालू काय?"

"नाव घाल. वर असतंय त्ये, मोठ्या अक्षरात." जाऊबाई खुर्चीत सावरून बसल्या, पदर नीट केला. "अनसूया केरबा माने."

पोपट टाइप करून वाट बघत राहिला. "पुढं?"

"पुढं काय न्हाई. एवढंच."

"पान उघडं दिसंल काकू."

"दिसू दे," मी इतक्या जोरात म्हटलं की पोपट दचकला.

जाऊबाईंनी तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. घरी येईपर्यंत वाटेत त्यांनी तो एकदा काढून वाचला. बोट खाली धरून, अक्षर अक्षर लावत. मी दुसरीकडं बघत चालले.

चेअरमनची सही होऊन नेमणुकीचं पत्र चार दिवसांत आलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं. नावापाशी थांबले. बॅग उचलली आणि कपाटावर ठेवली. ती ठेवताना पुन्हा खोकले, आणि मला त्या खोकल्याचा पहिल्यांदाच राग आला नाही, कारण तो आता घरातच राहणार होता.

आज त्या प्रयोगशाळेत मी प्रमुख आहे. नोकरीचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. मुलींच्या अर्जात एक नाव आणि दाखल्यावर दुसरं दिसलं की मी फाईल बाजूला टाकत नाही, मुलीला आत बोलावते. बऱ्याच जणी पहिलं वाक्य तेच बोलतात, राहून गेलं लिहायचं.

पण मला त्या दिवसांतलं जे सारखं आठवतं ते वेगळंच आहे. कामावर जायचा पहिला दिवस होता. डबा पिशवीत टाकला, चप्पल पायात घातली. जाऊबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी उंबऱ्यातून हाक मारली, "अनसूयाताई, येते हं!"

त्या भाकरी फिरवत राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हाक मारली.

तेव्हा त्यांनी मागं वळून दारात आणखी कोण बाई आली आहे का ते बघितलं.